एअरबॅगचा दिवा ‘विझवून’ देणारी दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की एअरबॅगचा लाल दिवा पेटलेल्या गाड्या गॅरेजांत यायला लागतात. बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. धोकादायक असतो तो त्यावर काही ठिकाणी होणारा उपाय : एअरबॅगच्या जागी दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर (विजेला तेवढाच रोध करणारा छोटा भाग) जोडून यंत्रणेला फसवायचे, नाहीतर मीटरमधला दिवाच बंद करायचा. गिऱ्हाईक खूश, गाडी विकायला मोकळी.

आधी दिवा कोणता, ते पाहावे. डॅशबोर्डवर ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ अशी वेगळी खूण असेल तर तो बिघाड असेलच असे नाही. काही गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायचा स्विच असतो. पुढच्या सीटवर मागे तोंड करून बाळाची सीट बसवायची झाल्यास एअरबॅग त्याने बंद करतात, आणि नंतर तो तसाच राहून जातो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची जड पिशवी सीटवर ठेवल्यावर जे टुंटुं वाजते, ते बेल्टचे. त्याचा एअरबॅगशी संबंध नाही.

सीटवर बसलेल्या माणसाचे चित्र असलेला लाल दिवा मात्र गाडीचा (इग्निशनचा) स्विच ऑन केल्यावर काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो विझला नाही, तर अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा धरू नये. अनेक गाड्यांत एका वायरीच्या दोषापायी सगळीच यंत्रणा बंद पडते.

आपल्याकडे पहिला संशय डाव्या सीटखाली एअरबॅग यंत्रणेच्या वायरी जोडणाऱ्या पिवळ्या कनेक्टरवर घ्यावा. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की पाणी बहुधा डाव्या पायापाशी उतरते, त्यात ओल्या छत्र्या आणि चपलांची भर. कार्पेट वरून सुके वाटते, पण खालचा फोम दाबला की पाणी येते. एअरबॅगच्या सर्किटचा रोध जेमतेम दोन-तीन ओहम असतो आणि कंट्रोल युनिट तो सतत मोजत असते. पिनांवर हिरवट-पांढरा थर चढला, रोध ओहमभर वाढला, तरी युनिट तो दोष म्हणून नोंदवते. सीट मागे-पुढे केल्यावर दिवा येत-जात असेल तर खालची वायर ताणली किंवा घासली गेली आहे. उंदरांनी कुरतडलेली वायरही इथेच सापडते.

काम करण्याची रीत अशी. स्विच बंद करून १० मि.मी. पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि निदान १० मिनिटे थांबावे, कारण युनिटमधल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मगच कनेक्टरचे कुलूप उघडून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्यात, पूर्ण सुकू द्याव्यात आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत कनेक्टर परत बसवावा. कनेक्टर सुटा असताना स्विच चुकूनही ऑन करू नये, युनिटमध्ये बिघाडाचा नवा कोड साठतो. एअरबॅगला स्वतःला मल्टिमीटर लावू नये. मीटरचा करंटही ती उडवू शकतो. या वायरींना सोल्डरिंग किंवा चिकटपट्टी चालत नाही, तुटलेल्या वायरीला नवा हार्नेसच (वायरींचा तयार जुडगा) लागतो. बॅटरी काढून ठेवल्याने कोड सहसा जात नाहीत. त्यासाठी एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. नुसते इंजिनचे कोड दाखवणारा स्वस्त रीडर इथे कुचकामी. जोडलेला भाग ठीक असूनही तोच कोड परत येत असेल तर गिअरजवळ, कन्सोलखाली बसवलेले युनिट भिजले का, ते पाहावे. हा खर्च मोठा.

आणखी एक. टाकाटा या जपानी कंपनीचे, अमोनियम नायट्रेट वापरलेले जुने इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून खराब होतात आणि उघडताना धातूचे तुकडे उडवतात. गोव्याची हवा तशीच आहे. हा दोष दिवा दाखवत नाही. होंडा, टोयोटा यांनी भारतातही अशा गाड्या परत बोलावल्या होत्या. १७ अक्षर-अंकी चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून आपली गाडी त्यात होती का, ते कळते.

जुनी गाडी घेताना, किंवा पर्यटकांना स्वतः चालवायला देतात ती काळ्या पाटीची गाडी ताब्यात घेताना, स्विच ऑन करून पाहावे. एअरबॅगचा दिवा अजिबात पेटलाच नाही, किंवा तो आपोआप न विझता इंजिन सुरू झाल्यावर शेजारच्या ऑइलच्या अथवा बॅटरीच्या दिव्याबरोबरच विझला, तर मीटर उघडले गेले असण्याची शक्यता मोठी. रेझिस्टर लावलेला मात्र असा ओळखता येत नाही. त्यासाठी ट्रिम (आतले प्लास्टिकचे आवरण) उघडून कनेक्टर पाहावाच लागतो. वाहतूक खात्याने फिटनेसला येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांत दिवा पेटतो-विझतो का, ते तर पाहावेच, पण अपघातात एअरबॅग उघडून नंतर दुरुस्त झालेल्या गाड्यांचे ट्रिमही उघडायला लावावे.

आपले,
मोटार वायरिंगचे काम करणारे दोघे, फोंडा