आईकडे खुर्ची वळवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण आमचा पाणउताराही चारचौघांतच झाला होता.

तापात बेशुद्ध पडलेल्या माझ्या भावाच्या ईसीजीत ब्रुगाडा सिंड्रोमची, म्हणजे हृदयाचे ठोके अचानक बिघडवू शकणाऱ्या आजाराची, खूण होती. ताप उतरला, खूण गेली. जनुक तपासणी निगेटिव्ह आली. तेवढ्यावर आधीच्या डॉक्टरांनी भरल्या ओपीडीत निकाल देऊन टाकला, "जीन्समध्ये काही नाही, उगाच टेन्शन घेता." आईने भीतभीत विचारलं, "माझा भाऊ ऐन तरुणपणी झोपेतच गेला, त्याचा काही संबंध असेल का?" त्यांनी मानही वर केली नाही. ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुम्ही फाईल माझ्याकडून घेतलीत आणि खुर्ची आईकडे वळवलीत. इंग्रजी कळणारी मी शेजारीच होते, तरी तुम्ही बोललात ते तिच्याशी, मराठीत. "आई, या तपासणीत जनुकाचा प्रथिन बनवणारा भागच प्रामुख्याने वाचतात. पण आपल्या घरातल्या दिव्याचं बटण शेजाऱ्याच्या भिंतीवर असलं तर? दिवा चांगला असूनही उजेड कमी पडेल." मामाबद्दल तुम्ही सगळं विचारून घेतलंत. हे तिच्याकडून आलं असेल का, यावर खोटा धीर दिला नाहीत. "आलं असेल, वडिलांकडूनही आलं असेल, दोघांकडचं थोडंथोडंही असेल. पण यात दोष कुणाचाच नाही." त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

नंतर मी मिळेल ते वाचत गेले. ब्रुगाडाच्या पाचातल्या जेमतेम एका रुग्णात एससीएन५ए या जनुकात दोष सापडतो; हृदयाच्या पेशींत सोडियम आत घेणारं दार, म्हणजे सोडियम चॅनल, त्यावरून बनतं. त्याचं एक बटण, म्हणजे त्याचं काम कमी-जास्त करणारा डीएनएचा तुकडा, खरोखरच शेजारच्या एससीएन१०ए जनुकाच्या आत आहे, प्रथिन न बनवणाऱ्या भागात! आधी संशोधकांचा संशय त्या शेजाऱ्यावरच होता. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम आणि शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की तिथलं डीएनएचं एक अक्षर बदललं तरी ते बटण दाबणारं टीबीएक्स५ हे प्रथिन त्याला नीट चिकटत नाही आणि एससीएन५एचं काम मंदावतं. असे बदल पुष्कळ लोकांत असतात, एकेकट्याने फारसं बिघडत नाही, एकाच माणसात साचले की धोका वाढतो. थायलंडच्या काही रुग्णांत तर एससीएन५एच्या स्वतःच्या बटणातच दुर्मीळ बिघाड सापडला. 'निरुपयोगी' म्हणून हिणवलेल्या डीएनएमध्ये हृदयाचे ठोके सांभाळणारी एवढी व्यवस्था आहे, हे वाचून मी थक्क झाले.

भावाच्या बाबतीत नेमकं कुठलं बटण, हे अजून सापडलेलं नाही. तुम्ही तेही सरळ सांगितलंत. हुशार डॉक्टर आम्ही बरेच पाहिले, मॅडम. समोरच्या घाबरलेल्या बाईला उत्तराचा हक्क आहे असं मानणारी माणसं फार थोडी भेटली. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे लोक पुन्हा दवाखान्याची पायरी चढतात.

भाऊ बरा आहे. ताप आला की अंगावर काढत नाही, टाळायच्या औषधांची यादी पाकिटात ठेवतो. पुढच्या महिन्यात त्याच्या लेकीचा ईसीजी काढायला येतोय. आईही येणार आहे, तिने विचारायचे प्रश्न आत्तापासून वहीत लिहायला घेतलेत.

तुमची ऋणी,
एका पेशंटची बहीण