बुधवारी रात्री दहा ते साडेअकरा

पुणे,
22 मे 2025

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी ‘एज ऑफ एम्पायर्स टू’च्या डावात तुझ्या वेशीला ट्रेब्युशे, म्हणजे दगड फेकणारी यंत्रे, लागलेली असताना मी ‘रिझाइन’ करून निघून गेलो, त्याबद्दल ग्रुपवर तू जे जे लिहिलेस ते सर्व मी वाचले. उत्तर दिले नाही, कारण ती गोष्ट ग्रुपवर सांगण्यासारखी नव्हती. बाळ्याने ती हसण्यावारी नेली असती आणि पेंटरने ऐकून घेण्याआधीच उपाय सुचवला असता. तुला ती कळेल. 2019 च्या नोव्हेंबरात या खेळाची डेफिनिटिव्ह एडिशन आली आणि आपण चौघे पुन्हा खेळू लागलो, तेव्हापासून आमच्या घरी या खेळावरून काय काय झाले ते तुला सगळे ठाऊक आहे.

आमच्याकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. आईचा गुडघा आहे तसाच आहे.

तर, मेघनाला बँकेत बढती मिळाली. अधिकाऱ्यांची स्केल थ्री श्रेणी. बदली जळगावला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे आहे. आदेश शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आला. तिसरा शनिवार असल्यामुळे तिची शाखा चालू होती. ती घरी आली, आमच्याबरोबर जेवली, चिमणीला झोपवले, आणि यातला एक शब्दही बोलली नाही. साडेदहाला मी नेहमीप्रमाणे बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि चिमणीच्या सायकलीमधल्या त्या फटीत जाऊन बसलो. साधारण तासाभराने ती दारापर्यंत आली. मी हेडफोनचा एक कान बाजूला केला आणि काय म्हणून विचारले. ती म्हणाली, “काही नाही रे, तुझा डाव संपू दे, मग सांगते.” आणि आत गेली. काचेतून मला जेवणाचे टेबल दिसत होते. त्यावर एका कागदाची घडी होती, पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर चिमणीची कॅरमच्या सोंगट्यांची डबी ठेवलेली, आणि मेघना समोरच्या खुर्चीवर नुसती बसलेली. हातात मोबाइल नाही, टीव्ही लावलेला नाही. रात्री साडेअकराला दिवसभराची दमलेली बाई काही न करता बसून राहते, ती वाटच पाहत असते. त्यावेळी तू ओरडत होतास की हत्ती पाठव, हत्ती पाठव. मी हत्ती पाठवले नाहीत.

आता तू म्हणशील की मग चांगलेच केलेस, यात चिंता करण्यासारखे काय आहे. चिंता अशी आहे. लॉकडाउनच्या पहिल्या उन्हाळ्यात आमचे जे भांडण झाले, त्यातून शनिवारी साडेदहा ते साडेबारा हा नियम निघाला. त्या दोन तासांत मला कुणी हाक मारायची नाही, आणि उरलेल्या आठवड्यात मी संगणकाकडे फिरकायचे नाही. हा वेळ मी हट्टाने मागून घेतला होता. तिच्या पहाटेच्या रियाझाला घरात जो मान आहे, तोच माझ्या खेळाला असावा, असे माझे म्हणणे होते आणि ते तिने पटवून घेतले. पाहुणे आले तरी साडेदहाला “तू जा, मी बघते” असे तीच म्हणायची. मी नियम कधीमधी विसरलो असेन, तिने कधीच मोडला नाही. इतका, की तिच्या नोकरीतली एवढी मोठी बातमी तिने साडेचार तास मनात धरून ठेवली, कारण वार माझा होता. तिने रागावून पॉवर बटण दाबले असते तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री आम्ही तीन वाजेपर्यंत बोलत होतो. मी विचारले की आल्या आल्या का सांगितले नाहीस. ती म्हणाली, जेवताना चिमणीसमोर सांगायचे नव्हते, आणि नंतर तुझी वेळ झाली होती; अर्धवट सांगितले असते तर तुझे धड खेळात लक्ष लागले नसते आणि धड माझ्यात. मग तिने एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. रियाझ मी म्हणेन तेव्हा थांबतो, दूध उतू गेले तर तानपुरा ठेवून उठता येते. तुझा डाव मात्र पाच माणसे म्हणतील तेव्हा थांबतो, म्हणून त्याच्या मध्ये यायला मला धास्ती वाटते, असे ती म्हणाली. यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता.

खेळाला किती तास द्यावेत यावर आपण आजवर पुष्कळ बोललो. आईला कुणीतरी पाठवलेल्या त्या चित्रफितीनंतर मी मुद्दाम जागतिक आरोग्य संघटनेची गेमिंगच्या विकाराची व्याख्या वाचून काढली होती. आयसीडी-11 या नावाने 2022 च्या जानेवारीपासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या यादीत हा विकार आहे, पण त्याच्या लक्षणांत तासांचा आकडा कुठेच नाही. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणे, हे साधारणपणे वर्षभर दिसले तर तो विकार. ताबा म्हणजे काय याच्या खुलाशात खेळणे कधी सुरू करावे याच्याबरोबर कधी थांबवावे हेही आहे. मी आईला तेव्हा अभिमानाने सांगितले होते की मला थांबता येते. ते खरे आहे, पण तीन विरुद्ध तीनच्या डावात मी थांबलो की माझे दोन सोबती मरतात. ब्लॅक फॉरेस्टसारख्या नकाशावर, जिथे पहिला तास झाडे तोडण्यात आणि भिंती बांधण्यात जातो, तिथे डाव बाराला संपेल की दीडला हे कुणालाच सांगता येत नाही. (भिंतींचे बोलतोच आहे तर सांगतो, सांगलीच्या वसतिगृहात शत्रू अजून कपडे घालतोय तोवर तू दगडी कोट उभारायचास, आणि आता खेळात गुर्जरांचे राज्य घेऊन गिरणीत मेंढ्या कोंडून पुन्हा कोटच उभारतोस. जर्मनीत राहून तुझ्यात काहीही फरक पडलेला नाही.)

आता पुढचे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी, तेव्हा मेघना शुक्रवारी रात्रीच्या बसने निघून शनिवारी सकाळी इथे पोहोचणार आणि रविवारी रात्री परतणार. म्हणजे ती घरी असेल त्याच मोजक्या रात्री आपल्या डावाच्या. तिने स्वतःहून सांगितले की शनिवार सोडू नकोस, मी त्या वेळात झोपेन. मला ते मान्य नाही. महिन्यातून दोनच रात्री बायको घरात असताना त्या मी बाल्कनीत काढणार नाही, तिने कितीही आग्रह केला तरी. खेळ सोडण्याचाही माझा विचार नाही, आणि हे मी तुलाच सांगू शकतो. तुम्हा तिघांशी माझे आयुष्यात जे काही बोलणे उरले आहे ते त्या दोन तासांतच होते. तुझ्या बाबांचे तू मला खेळात रानडुक्कर ओढून आणताना सांगितलेस. फोन करून सांगितले नसतेस.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. बुधवार, आपल्या वेळेने रात्री दहा ते साडेअकरा. चिमणी तोपर्यंत झोपलेली असते, आई शेजारच्या खोलीत असते, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की मला सहाला डब्यासाठी उठायचे आहे. तुझ्याकडे आता साडेसहा ते आठ होतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळे मागे गेली की साडेपाच ते सात, तेव्हा ऑफिसमधून थेट खुर्चीत बसावे लागेल. शनिवारच्या तुझ्या सात वाजताच्या जेवणावरून वहिनी जे बोलतात तेही यातून सुटेल असे मला वाटते.

दुसरी अट तुला आवडणार नाही. साडेअकराला डाव जिथे असेल तिथे सेव्ह करायचा आणि पुढच्या बुधवारी त्याच खेळाडूंनी लॉबीतून, म्हणजे डावाआधी जिथे जमतो तिथून, पुढे उचलायचा. आपण रँक्ड, म्हणजे क्रमवारीचे डाव, खेळत नाही, त्यामुळे यात कसलीच अडचण नाही. यावरून तू मागे माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास आणि सेव्ह केलेला डाव म्हणजे फ्रिजमधला भात असे म्हणाला होतास, ते मला आठवते. आठवड्याच्या अंतराने चढाईचा जोर जातो, समोरचा विचार करून येतो, हे तुझे म्हणणे खरेही आहे. तरीही मी या अटीवर अडून बसणार आहे. तिसऱ्या वेळेला कुणी “फक्त दहा मिनिटे” म्हटले तर मी उठेन, आणि शनिवारसारखे तुमचे नुकसान होईल. वेळ आधीच ठरलेली असेल तर जळगावहून मेघनाचा फोन आला तरी तिला धास्ती वाटायला नको, आणि मलाही उठताना तुमच्यापैकी कुणाचा विचार करायला नको.

हेही तुम्हाला जमत नसेल तर सिव्हिलायझेशन सिक्स हा दुसरा खेळ आहे. त्यात क्लाउडवरून आपापली चाल खेळता येते, तू स्टुटगार्टच्या ट्रेनमध्ये आणि मी डबा भरून झाल्यावर. पण तू त्याला 2016 पासून कारकुनी म्हणत आला आहेस, आणि त्यात एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. माझ्या दृष्टीने ते शेवटचे.

तुझ्या जर्मनच्या बी-टू परीक्षेचा निकाल लागला का? ओवीचे दात आले असतील. नव्या घराचे फोटो वहिनींनी पाठवले होते, स्वयंपाकघर प्रशस्त दिसते. दिवाळीला येणार असशील तर तिकीट आताच काढ.

बाळ्या आणि पेंटरशी तूच बोल. तुझे ते ऐकतात, माझ्याशी वाद घालतात. मेघना 1 जूनला निघते. आम्ही सगळे तिला पोचवायला जाणार आहोत आणि दोन दिवस तिथे राहून तिची खोली लावून देणार आहोत, तेव्हा 4 तारखेच्या बुधवारपासून मी मोकळा आहे. लॉबी मी उघडेन. तुझा होकार त्याआधी कळव, आणि नकार असेल तर तो ग्रुपवर न लिहिता मला फोन कर.

तुझा,
श्री