ज्युरीनंतरच्या इमारतीचं काय? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

वास्तुकलेचा अभ्यासक्रम सुधारायचा म्हटलं की बोलणं सॉफ्टवेअरवर येऊन अडतं. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीआधी वापरातल्या एका इमारतीचा वर्षभर पिच्छा पुरवावा.

स्टुडिओत, म्हणजे आराखडे करायच्या वर्गात, प्लॉट बहुधा मोकळा असतो, विषय संग्रहालय किंवा सांस्कृतिक केंद्र, आणि ज्युरीच्या, म्हणजे परीक्षक मंडळापुढे आराखडा मांडायच्या दिवशी इमारत 'पूर्ण' होते. ही पद्धत रुजवली पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेने. तिथल्या विद्यार्थ्यांचं सर्वोच्च ध्येय म्हणजे प्री द रोम हे पारितोषिक, आणि ते मिळायचं भव्य वास्तूंच्या देखण्या रेखाटनांना. वास्तुकलेसाठीचं ते पारितोषिक १९६८ साली बंद झालं. ज्युरी मात्र राहिली, आणि भव्यतेची ओढही. पदवीनंतर बहुतेकांच्या वाट्याला घरं, शाळा, दवाखाने, वाढीव खोल्या आणि गळत्या येतात.

साध्या जिन्याचंच घ्या. पायरीच्या उंचीच्या दुपटीत तिची रुंदी (पाय ठेवायच्या जागेची, पुढून मागे) मिळवली की माणसाच्या एका पावलाएवढी बेरीज यावी, हा हिशेब फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेलने सतराव्या शतकात मांडला. आज ही बेरीज साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. विद्यार्थी ते पाठ करतो, जिना बरोबर काढतो, गुणही मिळवतो. पण दोन-तीन पायऱ्यांत पाय लय धरतो, मग डोळे खाली बघत नाहीत. म्हणून एकच पायरी जराशी उंच झाली की माणसं नेमकी तिथेच ठेचकाळतात. ती उंच होते कशी? बऱ्याचदा शेवटी बसणाऱ्या फरशीची जाडी कुणी धरलेलीच नसते. हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. तासभर जिन्याशी उभं राहिलं तर दिसतं.

अमेरिकेत सेंट लुइस शहरातल्या प्रुइट-आयगो या सरकारी गृहवसाहतीत अकरा मजली ३३ इमारती होत्या, आणि लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची. कागदावर ती काटकसर होती. प्रत्यक्षात लोकांना वरखाली जिन्याने जावं लागे, आणि ते जिने असुरक्षित झाले. १९७२ पासून इमारती पाडायला सुरुवात झाली. सगळा दोष आराखड्याचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं: देखभाल भाड्याच्या पैशांतून व्हायची होती, भाडेकरू घटले तसे पैसेही आटले. पण देखभालीचा खर्च कुठून येईल, हा प्रश्न तरी आपण स्टुडिओत कुठे विचारतो?

ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने २०१३ साली कामाचे टप्पे नव्याने मांडले, तेव्हा शेवटचा, सातव्या क्रमांकाचा टप्पा 'वापर' असा ठेवला. शिक्षण बहुतेकदा संकल्पना आणि तिच्या विस्तारापाशीच थबकतं. बांधकामाचा अनुभव देणाऱ्या जागा आहेत. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाचा रूरल स्टुडिओ १९९३ पासून विद्यार्थ्यांकडून खऱ्या कुटुंबांसाठी घरं बांधून घेतो. सगळ्यांना ते झेपणार नाही.

झेपेल ते एवढं. विद्यार्थ्याने एक सामान्य इमारत मोजावी, ऋतूंप्रमाणे तिचं तापमान, उजेड, ओल नोंदवावी, राहणाऱ्यांनी काय बदललं आणि का ते विचारावं, मग तिथेच एक छोटी दुरुस्ती सुचवून तिचा खर्च मांडावा. ज्युरीत एक जागा इमारतीची देखभाल करणाऱ्याला द्या. तज्ज्ञ कुरकुरतील, कुरकुरू द्या. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. वेळापत्रकात जागा लागते आणि थिसिसच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मोठ्या प्रकल्पाच्या, तोडीचे गुण लागतात, नाहीतर मुलं हे काम आदल्या रात्री उरकतील. तेवढा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपला,
एक वास्तुविशारद