नौकासहलीच्या आराखड्यात एक ओळ कोरी हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आठवडाभराच्या नौकासहलीविषयी एक सचित्र लेख नुकताच प्रसिद्ध झाला. लेखासोबत सात रकान्यांचा तक्ता होता : रोज एक टप्पा, रोज एक मुक्काम, प्रत्येक टप्प्यासमोर अंतर आणि लागणारे तास. लेख वाचनीय होता आणि तो वाचून काही कुटुंबे तरी पाण्याकडे वळली तर मला आनंदच होईल. परंतु हा तक्ता मोटारीच्या प्रवासासाठी आखावा तसा आखलेला आहे आणि तो जसाच्या तसा वापरणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी अडचणीत येण्याची दाट शक्यता आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गेली काही वर्षे सुट्टीत मित्रांसोबत शिडाच्या लहान नौकेतून फिरणे हा माझा छंद आहे आणि पुढे लिहिलेले बरेचसे चुका करूनच शिकलो आहे.

तक्त्यातील पहिली अडचण अंतराची. सागरी मैल 1852 मीटरचा, आणि दहाएक मीटर लांबीची शिडाची नौका साधारणपणे ताशी पाच सागरी मैल, म्हणजे पाच नॉट, या वेगाने जाते असे धरले, तर तीस मैलांचा टप्पा सहा तासांचा होतो. लेखात हेच गणित आहे. पण दोन नॉटचा प्रवाह समोरून आला तर त्याच सहा तासांचे दहा होतात, आणि तोच प्रवाह पाठीशी असला तर साडेचार तासांच्या आत मुक्काम गाठता येतो. शिवाय वारा थेट समोरून असेल तर शिडाच्या नौकेला सरळ जाताच येत नाही. वाऱ्याशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन राखून नागमोडी जावे लागते आणि कापायचे अंतर जवळपास दीडपटीला येते. प्रवाह एका दिशेने आणि वारा नेमका त्याच्या उलट असेल, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, नौका प्रत्येक लाटेवर आपटते, आणि किनाऱ्यावरून रम्य दिसणारे तेच पाणी आतल्या माणसांना नकोसे होते. म्हणून टप्प्यासमोर तासांचा एकच आकडा लिहिणे दिशाभूल करणारे आहे. तिथे किमान दोन आकडे हवेत : अनुकूल स्थितीतला आणि प्रतिकूल स्थितीतला. प्रतिकूल आकडा धरूनही सूर्यास्तापूर्वी दोन तास पोहोचता येत असेल, तरच तो टप्पा एका दिवसाचा मानावा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची, आणि ती मला जरा विस्ताराने लिहायची आहे, कारण आठवडा या मुदतीचे आणि भरतीचे नाते फारसे कुणी लक्षात घेत नाही. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. म्हणजे रोज भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. एक-दोन दिवसांच्या सहलीत हा फरक जाणवत नाही. सात दिवसांच्या सहलीत मात्र चित्र पुरते उलटते. समजा, निघण्याच्या दिवशी सकाळी आठला पूर्ण भरती होती आणि बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा आपण आरामात ओलांडला. सातव्या दिवशी परतताना भरती दुपारी एकच्या सुमाराला येणार आणि सकाळी आठला पाणी तळ गाठून नुकतेच चढू लागलेले असणार. ज्या दांड्यावरून आपण विनासायास बाहेर पडलो, तोच आता नौकेचा तळ अडवतो. त्यात भर म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येणारे उधाण आठवड्याभरात ओसरते आणि अष्टमीच्या आसपासच्या चंद्रामागून भांगाची, म्हणजे कमी उंचीची, भरती येते. उधाणाच्या दिवशी निघालेली मंडळी भांगाच्या दिवशी परततात, तेव्हा भरतीची वेळही बदललेली असते आणि तिची उंचीही घटलेली असते. निघताना पाहिलेल्या पाण्यावर परतीचा अंदाज बांधणे म्हणूनच घातक ठरते. प्रत्येक मुक्कामाचे, प्रत्येक दिवसाचे भरतीचे कोष्टक वेगळे पाहावे लागते. ज्या समुद्रांत भरती दिवसातून एकदाच येते किंवा जवळपास नसतेच, तिथे हे गणित अर्थातच वेगळे.

पाणी एकसारख्या गतीने चढत नाही, हेही इथेच सांगायला हवे. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढावाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्याला प्रत्येकी तीन, मग दोन, मग एक, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे निम्मा चढाव मधल्या दोन तासांतच होतो. आमच्या एका फजितीचे मूळ याच ठोकताळ्यात आहे.

आम्ही सहाजण होतो आणि आमच्याकडेही असाच सात रकान्यांचा तक्ता होता. तिसऱ्या दिवसाचा टप्पा कागदावर बत्तीस मैलांचा, म्हणजे साडेसहा तासांचा. वारा थेट समोरून आला. नागमोडी जाताना अंतर पंचेचाळीस मैलांच्या घरात गेले, वेगही घटला, आणि सकाळी नऊला निघालेले आम्ही संध्याकाळी सातला, अंधार पडता पडता, मुक्कामाच्या जागी पोहोचलो. वाटेत दुपारी दोनच्या सुमाराला एक चांगली आडोशाची खाडी लागली होती. तिथे थांबू या, असे एकाने सुचवलेही होते. पण ती तक्त्यात नव्हती, आणि आमच्यातल्या दोघांना ठरल्या तारखेला कामावर हजर व्हायचे होते. पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. खोली मोजली, चार मीटर भरली. नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर धरून पाच मीटर, म्हणून वीस मीटर साखळी सोडली आणि चौपट सोडली या समाधानात जेवून झोपलो. त्या जागी पाणी तीन मीटर चढते, हे कोष्टकात लिहिलेले होते. दमलेल्या सहा माणसांपैकी एकानेही ते उघडले नाही. रात्री साडेबाराच्या सुमाराला नाळेकडून दळण दळल्यासारखी घरघर ऐकू आली. वर जाऊन पाहतो तो किनाऱ्यावरचे दोन दिवे, जे झोपण्यापूर्वी एकमेकांच्या रेषेत होते, ते चांगले वीतभर दूर झालेले. नांगर तळावरून घसरत होता. पाणी चढल्यामुळे पाच मीटरचे आठ झाले होते, आणि वीस मीटर साखळी आता जेमतेम अडीचपट उरली होती. किमान पाचपट, म्हणजे चाळीस मीटर साखळी हवी होती. आणि गंमत अशी की उरलेली तीस मीटर साखळी पुढच्या खणात कोरडीच पडून होती. इंजिन चालू करून, नांगर उचलून, पुन्हा टाकून स्थिरस्थावर होईपर्यंत दोन वाजले. खडक तोवर दोन नौकांच्या लांबीवर आले होते.

ही कथा शौर्य सांगण्यासाठी लिहिली नाही. त्यात शौर्य कुठेच नाही. चूक नांगर टाकताना झाली असे वरवर दिसते, पण ती खरी दुपारी दोनला, खाडी मागे टाकताना झाली होती, आणि त्याहीपूर्वी ती तक्त्यात लिहून ठेवलेली होती. सातही रकाने भरलेले असले की एका दिवसाचा उशीर पुढच्या प्रत्येक दिवसावर बसतो, आणि मग माणसे वाऱ्याऐवजी तारखेकडे पाहून निर्णय घेऊ लागतात.

यावर काही वाचक म्हणतील की आता हवामानाचे अंदाज मोबाइलवर मिळतात, उपग्रहाधारित यंत्र जागा दाखवते, मग इतकी धास्ती कशाला? अंदाज मिळतात हे खरे आणि ते रोज दोनदा पाहावेतच. परंतु पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज आणि सहाव्या दिवसाचा अंदाज यांना एकाच मापाने मोजता येत नाही. सहाव्या दिवसाचा अंदाज फार तर कल समजण्यापुरता उपयोगी. मग सहाव्या दिवसाचा टप्पा आज पक्का कशाच्या आधारावर करायचा? अंदाजातील वाऱ्याचा आकडाही सरासरी असतो, झोत त्याहून बरेच जोरकस असू शकतात. त्यातच वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : दहा नॉटचा वारा वीस झाला की शिडावरचा जोर दुप्पट न होता चौपट होतो. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मापनावर वीस नॉट म्हणजे पाचवी श्रेणी, सतरा ते एकवीस नॉटची. कसलेल्यांना ती आनंदाची वाटते, पण मुले आणि पहिल्यांदाच पाण्यावर आलेली माणसे सोबत असतील तर त्या दिवशी नांगर न उचलणे हेच शहाणपण.

माझ्या मते सात दिवसांच्या सहलीत चार, फार तर पाच दिवस प्रवासाचे धरावेत. पहिला टप्पा मुद्दाम तोकडा ठेवावा, कारण शरीराला डोलण्याची सवय व्हायला आणि सामान जागच्या जागी लागायला एक दिवस जातोच. नेहमीचा वारा ज्या दिशेने येतो तिकडे आधी जावे, म्हणजे दमलेल्या मंडळींना परतीला वारा पाठीशी मिळतो. सर्वांत दूरचा मुक्काम मध्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी यावा. तोवर तिथे पोहोचलो नसू तर मुकाट्याने तोंड फिरवावे. आणि प्रत्येक मुक्कामासमोर एक पर्यायी मुक्काम लिहावा, तोही वेगळ्या दिशेच्या वाऱ्यापासून आडोसा देणारा. दक्षिणेच्या वाऱ्यात निवांत असलेली खाडी उत्तरेला उघडी असेल, तर वारा फिरल्यावर तीच सापळा बनते. मुक्कामांपैकी किमान दोन असे निवडावेत की जिथून गरज पडल्यास रस्त्याने घरी परतता येईल. आमच्या त्या सहलीत पाचव्या दिवशी शेवटी हेच झाले : दोघे गाडीने गेले, नौका धक्क्याला राहिली, आणि उरलेल्या चौघांनी ती दोन दिवस उशिराने, चांगल्या वाऱ्यात परत आणली. तो परतीचा प्रवास संपूर्ण सहलीतला सर्वांत सुखाचा ठरला.

नदी-कालव्यातून जाणाऱ्यांना भरतीचा जाच सहसा नसतो, पण तिथे पाण्याची पातळी बदलणारे लॉकचे दरवाजे ठरावीक वेळीच उघडतात आणि वरच्या भागात पाऊस झाला की पुलाखालची मोकळी उंची घटते. तक्ता सैल हवा तो तिथेही.

सामानाच्या यादीवर लेखात बरीच जागा खर्ची पडली आहे, म्हणून मी थोडक्यात लिहितो. इंधनाचे तीन भाग करावेत : एक जाण्याला, एक येण्याला, एक राखीव. पिण्याचे पाणी एकाच टाकीत न ठेवता निदान काही वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे, कारण टाकी गळाली वा पाणी खराब झाले तर ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे असावे आणि ते अंगावर असावे. बाकाखाली रचून ठेवलेल्या जॅकेटने कुणी तरत नाही. नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओवर, म्हणजे बिनतारी संदेशयंत्रावर, संकटाची हाक सोळाव्या वाहिनीवर द्यायची असते. ती कशी द्यायची हे तांडेलाखेरीज, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाखेरीज, आणखी एकाला तरी यायला हवे, कारण पाण्यात पडणारा माणूस तांडेलच असू शकतो. याच कारणाने शीड उतरवून नौका मागे वळवण्याचा सराव पहिल्याच दिवशी शांत पाण्यात सर्वांकडून करून घ्यावा.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही अशी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे कागद द्यावा : नौकेचे नाव आणि रंग, माणसे किती, मुक्काम आणि पर्यायी मुक्काम कोणते, रोज किती वाजेपर्यंत निरोप येईल, आणि निरोप न आल्यास किती तासांनी कुणाला कळवायचे. बेत बदलला की त्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवावे. हे विसरल्यामुळे आम्ही एकदा खाडीत निवांत चहा पीत असताना घरची मंडळी मात्र रात्रभर जागी होती, आणि त्याबद्दल ऐकून घ्यावे लागले ते योग्यच होते.

आपल्या पुरवणीत असे तक्ते यापुढेही येतील आणि यावेत. माझी विनंती एवढीच आहे की त्यात तासांचे दोन रकाने, पर्यायी मुक्कामाचा एक रकाना आणि त्या आठवड्यातील भरतीच्या वेळा द्याव्यात, आणि सातांपैकी निदान एका दिवसाची ओळ कोरी छापावी. पुढच्या सहलीसाठी आम्ही केलेल्या कागदावर पाचवा दिवस तसाच कोरा आहे. त्या ओळीत काय लिहायचे ते चौथ्या दिवशी संध्याकाळी, वारा पाहून ठरवू.

आपला नम्र,
एक नियमित वाचक