बांबोळीच्या इस्पितळात पोचेपर्यंतच्या त्या तासासाठी

१०८वरच्या दादांनो, ताईंनो आणि कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांनो,

सप्रेम नमस्कार.

आम्ही गोव्यात प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. लिंगाला किंवा वृषणांना मार लागला की पुरुष ते सांगत नाहीत, 'पोटात दुखतंय' म्हणतात. तुम्ही घरच्यांना बाजूला करून हळू आवाजात विचारता: नेमकं कुठे लागलं, कधी, लघवी झाली का, रक्त आलं का? या चार प्रश्नांसाठी हे पत्र.

शेवटच्या दोहोंवर पुढचं बरंच ठरतं. माडावरून घसरलेला पाडेली (नारळ पाडणारा) चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, दोन्हीकडे पाय टाकून आपटला, की मूत्रमार्ग वरच्या हाडावर चेपतो. लिंगाच्या टोकाशी रक्ताचा थेंब असेल, तर तुम्ही कॅथेटर (लघवीची नळी) आंधळेपणाने सारत नाही. अर्धवट फाटलेला मार्ग त्याने पुरता फाटू शकतो. आधी आत रंगद्रव्य सोडून एक्स-रे. मूत्राशय तुंबलंच असेल तर डॉक्टर ओटीपोटातून नळी घालतात. हात आवरून धरणं हेही मोठं काम आहे.

ताठर लिंग वाकून 'कट्' आवाज झाला, ताठरपणा लगेच गेला आणि वांग्यासारखी जांभळी सूज आली, तर बर्फ लावून घरी बसायचं नाही. हाड तिथे नसतंच. फाटतं ते आतलं वेष्टण. एरवी सुमारे २ मिलिमीटर जाड असलेलं हे वेष्टण ताठरपणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ होतं. ते शक्यतो २४ तासांत शिवलं नाही, तर लिंग कायमचं वाकडं होण्याचा, ताठरपणा कमी होण्याचा धोका वाढतो. यूरोलॉजीला तुम्ही वाटेतूनच फोन करता, तो यासाठी.

मोटारसायकलच्या टाकीवर आपटून वृषण फुटलं, तर ७२ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास ते वाचण्याची शक्यता बरीच जास्त. मार नसताना वृषणात अचानक कळ आली तर वृषणाला पीळ पडला समजा. तिथे हातात जेमतेम ६ तास.

तुटलेला भाग तुम्ही सलाइनने ओलावलेल्या गॉझमध्ये गुंडाळता, स्वच्छ पिशवीत बंद करता आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवता. थेट बर्फावर कधीच नाही, कारण गोठलेल्या रक्तवाहिन्या जोडता येत नाहीत.

आणि पँटच्या चेनमध्ये अडकलेलं ते पोर! ओढाओढ न करता स्लायडरचा मधला दांडा कटरने तोडला की दोन्ही पाट्या सुटतात, कातडी मोकळी होते. हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो, आता प्रत्येक वर्गात दाखवतो.

देव बरें करूं.

आपले,
प्रथमोपचार वर्गाचे शिक्षक