‘नॅनो हळद’ म्हणजे घरची हळद नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वनस्पतिजन्य औषध नॅनोकणांत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत, भरून थेट यकृतात पोचवण्याच्या संशोधनाच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे त्या मी आवडीने वाचतो. परवा मात्र शेजारचे एक गृहस्थ ‘नॅनो कुरकुमिन’ची डबी घेऊनच आले. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) वाढलेले. ‘‘सर, हळदच तर आहे, घेऊ ना?’’

आम्हा सांगलीकरांना हळदीचे कौतुक कुणी शिकवायला नको. पण हळदीत कुरकुमिन, म्हणजे तिचा मुख्य औषधी घटक, असते साधारण तीन टक्के. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून नीट शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्याची यकृतच झटपट विल्हेवाट लावते. भाजी-आमटीतली हळद पिढ्यान्‌पिढ्या बाधली नाही, त्यामागे हेही एक कारण असावे.

संशोधकांना नेमकी हीच अडचण दूर करायची आहे. शिरेतून सोडलेले नॅनोकण यकृतात आपसूकच अडकतात. पण तिथल्या कुप्फर पेशी, म्हणजे रक्त गाळणाऱ्या भक्षक पेशी, ते वरच्यावर गिळतात. औषध हवे असते मुख्य यकृतपेशींना. त्यासाठी कण यकृतातल्या केशवाहिन्यांच्या छिद्रांतून, म्हणजे ढोबळमानाने शंभर-दीडशे नॅनोमीटरमधून, पार व्हावा लागतो. शिवाय त्यावर गॅलॅक्टोजसारखी, त्या पेशीला ओळखू येणारी खूण लावावी लागते. हे अशक्य नाही. २०१८मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले पॅटिसिरान हे औषध मेदाच्या नॅनोकणांतूनच यकृतपेशीत शिरते. पण ते वनस्पतिजन्य नाही, एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचे आहे आणि सलाइनमधून द्यावे लागते. तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलला असला नेम नसतो. तिने फार तर रक्तातले प्रमाण वाढते.

आणि प्रमाण वाढले की ‘हळदच तर आहे’ हा युक्तिवाद संपतो. मिऱ्यातल्या पायपेरिनमुळे कुरकुमिनचे शोषण माणसात वीसपट होते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८मध्येच दाखवले. पुढे अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांनी हळदीच्या पूरकांमुळे, म्हणजे गोळ्या-कॅप्सूलमुळे, यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतला एक दगावला. तपासलेल्या काही गोळ्यांत पायपेरिनही सापडले. इटलीने तर २०२२मध्ये हळदीच्या पूरकांवर ‘यकृतासाठी गुणकारी’ असा दावा करायलाच मनाई केली. ज्या अवयवासाठी घ्यायचे, त्यालाच इजा! असे रुग्ण विरळा असतात, हे मान्य. पण आधीच यकृत दुखावलेल्याने हा जुगार कशाला खेळावा?

आपल्याकडे २०१९च्या नियमांनुसार औषध शरीरात पोचवण्याची नवी पद्धत आली, की ते ‘नवे औषध’च मानले जाते आणि सुरक्षिततेचे पुरावे द्यावे लागतात. शेजाऱ्यांच्या डबीवर मात्र ‘अन्नपूरक’ असे लिहिलेले होते. कणांचा आकार किती, कण कशाचे, कुणावर तपासले, यातले काहीही नाही. ‘१०० टक्के नैसर्गिक’ तेवढे ठळक. निदान कणांचा आकार आणि माणसांवरील चाचणीचा तपशील छापण्याची सक्ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाने करावी.

आपल्यालाही एक विनंती. अशी बातमी छापताना प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, आणि औषध तोंडाने दिले की शिरेतून, एवढे पहिल्या परिच्छेदातच द्यावे. शेजाऱ्यांना मी डबी बाजूला ठेवून त्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले आहे. ते थोडे नाराज झाले; डबी बरीच महाग होती.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सांगली