घडी घातलेला दाखला

महोदय,

युद्धकाळात लष्कराच्या कोठडीत कैदी मेला, की पहिल्या निवेदनात बहुधा ‘नैसर्गिक कारण’ येते. मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवत असे. ‘हृदय बंद पडून मृत्यू’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तशीच परत करायचो. अहो, हृदय मरणाऱ्या प्रत्येकाचेच बंद पडते!

डिसेंबर २००२ मध्ये अफगाणिस्तानातल्या बगराम तळावर अमेरिकी लष्कराच्या ताब्यातले हबीबुल्ला आणि दिलावर हे दोघे आठवड्याभरात दगावले. दिलावर २२ वर्षांचा टॅक्सीचालक. हात साखळीने छताला बांधलेले आणि गुडघ्याच्या वर, मांडीच्या बाजूला पुन्हापुन्हा फटके. असा मार वरून पुरता कळत नाही. चीर देऊन, कातडी सोडवून स्नायू बघावे लागतात. लष्करातल्याच डॉक्टर बाईंनी ते बघितले, तर पायांच्या स्नायूंचा लगदा झालेला. हबीबुल्लाच्या बाबतीत मारामुळे झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती. बाहेर ‘नैसर्गिक’ म्हणून सांगितले गेले, पण दिलावरच्या मृत्यूच्या दाखल्यात खूण होती ‘मनुष्यवध’ या चौकोनात. तो दाखला घरच्यांच्या हातात होता, पण इंग्रजीत. त्यांनी तो घडी घालून जपून ठेवला होता. कार्लोटा गॉल या पत्रकाराने तो वाचला, तेव्हा कुठे प्रकरण उघड झाले.

युद्धकैद्यांविषयीच्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात याची तरतूद आहे. दफनाआधी वैद्यकीय तपासणी करायची (कलम १२०), आणि पहारेकऱ्याच्या हातून किंवा अज्ञात कारणाने मृत्यू झाला तर ताबडतोब चौकशी करून साक्षी घ्यायच्या, त्याही विशेषतः सोबतच्या कैद्यांच्या (कलम १२१). फक्त चौकशी करायची कोणी, तर ज्याने डांबून ठेवले त्यानेच! शिवाय अमेरिकेने या लोकांना युद्धकैदी मानलेच नव्हते.

इराकमधल्या बसऱ्यात २००३ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात बहा मूसा मेला. अंगावर ९३ जखमा. त्या प्रकरणात निवृत्त न्यायाधीशांसमोर जाहीर चौकशी झाली, सोबतच्या कैद्यांना बोलू दिले, पण अहवाल यायला २०११ उजाडले.

माझे मागणे मोठे नाही. शवविच्छेदन करणारा डॉक्टर कैद्याला डांबणाऱ्या तुकडीच्या हाताखालचा नसावा, आणि त्याचा अहवाल त्याच दिवशी रेड क्रॉसकडे आणि नातेवाइकांकडे जावा. त्यांना वाचता येईल अशा भाषेत.

— एक निवृत्त प्राध्यापक, न्यायवैद्यकशास्त्र